जड कोपऱ्याची रजई

पंखा बंद केला तोवर पिसं रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात पोचली होती.

वऱ्हाडातल्या कारंजा गावात माझं गादीचं दुकान आहे. पिंजणं म्हणजे दबून गठ्ठा झालेला कापूस मोकळा करून फुगवणं. आजा हातातल्या मोठ्या धनुष्यासारख्या पिंजणीनं पिंजायचा, मी मशीनवर पिंजतो. आजाचा एक नियम मात्र आजही चालतो. ज्याचा कापूस त्यालाच परत. आल्याबरोबर वजन, वजनाची चिठ्ठी. आतून काही वेगळं निघालं तर त्याची पोटली बांधायची, तिलाही चिठ्ठी. कचरा दिसला तरी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय फेकायचा नाही.

रजई आणली वंदनाताईंनी. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. रजईचे बारा कप्पे, वर त्यांच्या आजीनं शिवलेली लुगड्याची खोळ. खोळ काढून वजन केलं, दोन किलो. एवढ्या मोठ्या रजईला फारच हलकी. मी अनुभवी माणूस. म्हटलं, सावरीचा कापूस असणार, तो हलकाच असतो.

"आत काय हाय?" असं मी विचारलं नाही. तीस वर्षं धंदा केलेला माणूस विचारत नसतो.

आमची पद्धत अशी की आधी मशीन आणि पंखा सुरू करायचा, म्हणजे धूळ बाहेर जाते. मग पातं घेऊन एका दमात कड फाडायची. मी फाडली. अकरा कप्प्यांची तोंडं एकदम उघडली.

खरं सांगतो, पहिली दोन मिनिटं मी नुसता बघत उभा होतो. सकाळचं ऊन दुकानात तिरपं येतं. त्या उन्हात पांढरी बारीक पिसं वर चढत होती, थांबत होती, खाली यायचं विसरत होती. कापसाला कुठे पडायचं ते ठाऊक असतं. पिसांना काही घाई नव्हती. गल्लीतली एक मोटारसायकल थांबली. गाय मान वर करून बघायला लागली. आपण गादीवाले आहोत हेही मी विसरलो.

"रफिकभाऊ, हे काय हाय?" समोरून शांतीलालजींचा आवाज आला. त्यांचं डाळींचं दुकान आहे.

"पिसं हायत, शेटजी."

"माह्या तुरीवर?"

मी पंखा बंद केला.

शांतीलालजी जैन. मुंगीलाही वाट देणारा माणूस. त्यांनी एक पीस हातावर घेतलं. "पक्षी मारून काढले का झडलेले?"

"ऐंशी वर्सं जुने हायत. आता कोणत्या पक्ष्याले इचारू?"

ते आत गेले आणि मऊ कुंचा घेऊन आले. धान्यातले किडे न दुखावता बाजूला करायला ते तो वापरतात. माझा खराटा बघून म्हणाले, "त्यानं उडते ते. सरका तुमी."

मग डाळवाला आणि गादीवाला दुपारपर्यंत गल्लीत ओणवे होऊन पिसं गोळा करत होते.

ही रजई आली कुठून, ते वंदनाताईंनी मला नंतर सांगितलं, तेही सांगतो. मोठ्या लढाईच्या थोडं आधी जर्मनीतून एक डॉक्टर इथे आले. बायको आणि चार वर्षांची मुलगी रूथ सोबत. ते ज्यू होते. तिकडे ज्यू डॉक्टरांची प्रॅक्टिस बंद केली होती, लोकांना घरातून उचलून नेत होते. निघताना पैसा, दागिने नेऊ देत नव्हते. मग माणसं घरातलं जे नेऊ देतील ते घेत. चमचे, टेबलावरची चादर, कॉफी दळायचं यंत्र. डॉक्टरीणबाईंनी बदकाच्या पिसांची रजई घेतली. आणली कुठे, तर आमच्या उन्हाळ्यात!

डॉक्टर सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्याच्या दवाखान्यात लागले. वंदनाताईंचे आजोबा तिथे कंपाउंडर होते. सात वर्षांनी डॉक्टरांचं कुटुंब दूरदेशी गेलं, आणि जाताना रजई कंपाउंडरच्या बायकोजवळ ठेवून गेलं. आता ती चार वर्षांची मुलगी नव्वदीला आली होती. अंथरुणाला खिळली होती. तिला आईची रजई अंगावर हवी होती. रविवारी तिची नात न्यायला येणार होती. आणि माझ्या दुकानात ती रजई पोटातून रिकामी पडली होती.

पिसं पुन्हा उडू नयेत म्हणून माझ्या बायकोनं, सलमानं, मच्छरदाणी बांधली. मी आत बसलो आणि मूठमूठ पिसं कप्प्यांत भरू लागलो. सलमा बाहेरून म्हणाली, "सेहऱ्यातले नवरदेव दिसून राह्यले."

बारावा कोपऱ्यातला कप्पा पात्यातून वाचला होता. तो हाताला जड लागला. उसवून पाहिलं तर आत कापूस! जुना, पिवळा, गाठी झालेला. मला रागच आला. कोण्या लबाडानं पिसं चोरून कापूस भरला असणार. मी तो काढला, नियमाप्रमाणे पोटली बांधून चिठ्ठी लावली आणि त्या कप्प्यातही पिसं भरली. आपण रजई शुद्ध केली म्हणून छातीही जरा फुगली.

मग वजन केलं. पोटलीसकट पावणेदोन किलो. पाव किलो कमी. पाव किलो पिसं म्हणजे अख्खं पोतं.

सावरीचा कापूस कपाटात होताच. हाताला पिसासारखाच लागतो. मी पाव किलो काढूनही ठेवला. कोणाला कळणार होतं?

"चिठ्ठीवर काय लिवान?" सलमानं विचारलं.

मी कापूस परत ठेवला आणि वंदनाताईंना बोलावलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. स्टुलावर बसल्या. "माही आजी मरताना बोलली, रजई त्या पोरीले वापस करजा. आता तिले काय सांगू? गादीवाल्यानं उडवली म्हणून?"

"मीच सांगतो," मी म्हटलं.

त्यांनी रूथबाईंना व्हिडिओ कॉल लावला. उशीवर एक लहानसा चेहरा. केस अगदी त्या पिसांसारखे. मी रजई पुढे धरली आणि पाव किलो कमी असल्याचं सांगून टाकलं. वंदनाताईंनी ते इंग्रजीत सांगितलं. मग त्या बाई हळूच, आठवून आठवून, वऱ्हाडीत बोलल्या.

"कोपरा जड हाय ना?"

माझी नजर पोटलीवर गेली.

त्यांना एकेक शब्द शोधावा लागत होता. मध्येच इंग्रजी यायचं, ते वंदनाताई सांगायच्या. त्या लहान असताना आईनं रजई एका दाढीवाल्या पिंजाऱ्याकडे दिली होती. त्याच्या हातून एका कप्प्याची पिसं उडाली. त्यानं तिथे इथला कापूस भरला आणि मान खाली घालून आईला सांगायला आला. दाढीत पिसं तशीच होती.

"आई हासली," रूथबाई म्हणाल्या. "बोटीतून उतरल्यावर पयल्यांदा." त्यानंतर त्या रोज जड कोपऱ्यात पाय ठेवून झोपायच्या. रजई सरकत नसे.

मी पोटली आणली. कापसाला उसवलेला दोरा अजून चिकटून होता, त्याला दुहेरी गाठ. अशी गाठ आमच्याच घरात मारतात. कारंज्यात दाढीवाला पिंजारी एकच होता. ज्याला मी लबाड म्हटलं, तो माझा आजा.

"कापूस हाय, बाई," मी म्हटलं. "आत्ता भरतो. मस्त पिंजून देतो."

"पिंजू नोको," त्या म्हणाल्या.

बाराव्या कप्प्यातली पिसं बाकीच्यांत वाटून मी जन्मात पहिल्यांदा गाठीचा कापूस गाठीसकट भरला. दुहेरी गाठ मारली. रविवारी नात रजई घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात वंदनाताईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. रूथबाई झोपलेल्या, आणि रजईचा एक कोपरा पायांवर बसलेला.

चिठ्ठीवर मी खरं तेच लिहिलं होतं. 'पाव किलो कमी. ते कारंज्यात आहे.' अजूनही तुरीत एखादं पीस निघालं की शांतीलालजी पुडीत बांधून पाठवतात. मी त्या पिसांची पोटली बांधली आहे.

आजाच्या हातून एकच कप्पा उडाला, माझ्या हातून अकरा. एवढीच आमच्या धंद्याची प्रगती. आता मी आधी आत काय आहे ते विचारतो आणि पंखा मग लावतो.