मातीवाले, आभाळवाले आणि बाबा

त्या मालिकेचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी ती पाहिली आहे ते नाव निघालं की भांडायला लागतात, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना नावावरून काहीच कळणार नाही. बाबा तिला ‘जपानी कार्टून’ म्हणायचे. आम्हा चाहत्यांना मात्र कुणी ‘कार्टून’ म्हटलेलं लागायचं. आम्ही अ‍ॅनिमे म्हणायचो.

गोष्ट साधी आहे. खाणीच्या एका गावात भंगारातून एक रोबो तयार होतो. सुरुवातीला तो एसटीच्या गाडीएवढा असतो. पत्र्याला पत्रा जोडलेला, धूर सोडणारा, चढावर बंद पडणारा. मग तो दुसऱ्या रोबोंना स्वतःच्या अंगाला जोडून घेत जातो आणि वाढत जातो. आधी डोंगराएवढा होतो, मग देशाएवढा. शेवटी शेवटी तर तो चंद्र उचलून शत्रूवर फेकतो. हे सगळं करताना आत बसलेली माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत असतात.

मोबाईलवर आमचा मराठी चाहत्यांचा ग्रुप होता. नागपूरचे होते, ठाण्याचे होते, कोल्हापूरचे होते. रत्नागिरीतून मी एकटीच. ग्रुपमध्ये उघड दोन तट होते. मालिकेचा पहिला अर्धा भाग आवडणारे ते मातीवाले आणि दुसरा अर्धा आवडणारे ते आभाळवाले. ही नावं कुणी पाडली ते आठवत नाही, पण ती चिकटली. मी कट्टर मातीवाली होते. खाण, वेल्डिंग, डिझेल संपण्याची भीती, एवढंच मला खरं वाटायचं. चंद्र फेकायला लागल्यावर गोष्ट हातातून गेली, असं मी लांबलचक पोस्टी लिहून सांगायचे. आभाळवाल्यांना मी मनातून जरा कमीच लेखायचे.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सातला रक्ताचे नमुने घ्यायला सुरुवात होते, दुपारी दोनला मी सुटते. तेव्हा घरी बाबा एकटेच असायचे. आई जाऊन चार वर्षं झाली होती. बाबा बोटीवर फिटर होते. चौतीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली. जुन्या पाईपांवरचं आवरण खरवडताना जी पांढरी धूळ उडायची ती त्यांच्या छातीत बसली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं होतं. त्याची घरघर सुरू असली की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे.

एकदा जेवण झाल्यावर मी मोबाईल टीव्हीला जोडून मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली. बाबा सोफ्यावर पडले होते.

“हे काय लावलंस गो?” ते म्हणाले.

“बघा तरी. तुमच्या कामातलंच आहे.”

मला खात्री होती की पहिला अर्धा भाग त्यांना आवडेल. इंजिन होतं, भंगार होतं, काळे झालेले हात होते. पण बाबा तिसऱ्या भागापर्यंत दोनदा झोपले. जागे असताना चुका काढत राहिले. हा सायलेन्सर असा लावला तर आतली माणसं गुदमरतील. असं गरम इंजिन कुणी उघडत नाही. मी चिडायचे.

मग रोबो वाढायला लागला आणि बाबा उठून बसले. चंद्र उचलला त्या दिवशी तर त्यांना एवढं हसू आलं की खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळत होते आणि ते हातानेच खुणावत होते, पुढे चालू दे, बंद करू नकोस.

“हे आवडलं तुम्हाला?” मी विचारलं. “यात काही अर्थ आहे का? एवढा मोठा रोबो उभा कसा राहील? त्याला इंधन कुठून येणार?”

“खरं बघायला टीव्ही कशाला लावू?” बाबा म्हणाले. “चौतीस वर्षं खरंच बघितलं की.”

मी हे ग्रुपवर टाकलं. आभाळवाल्यांनी जल्लोष केला. ‘काका आमचे’ असं जो तो लिहायला लागला. रोज दुपारी मी बाबांचं एखादं मत टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत त्यावर वाद रंगायचा. बाबांना वाचून दाखवलं की ते खूश व्हायचे. आई गेल्यापासून त्यांना खूश झालेलं मी फारसं पाहिलं नव्हतं.

मालिकेत एक लठ्ठ मेकॅनिक आहे. सगळे वर काचेच्या खोलीत बसून ओरडतात आणि हा खाली रोबोच्या पोटात पाना घेऊन फिरतो. त्याला संवाद फार नाहीत. बाबा त्याला ‘आपला माणूस’ म्हणायचे. तो दिसला की सरसावून बसायचे.

शेवटच्या भागात रोबोचं इंजिन फुटायला येतं. फुटलं तर सगळेच मरणार, म्हणून इंजिनाची खोली बाहेरून बंद करायची असते. मेकॅनिक आत असतो. बंद करा, असं तोच सांगतो. नायिका रडत रडत दार लावते. युद्ध जिंकलं जातं. गावात मिरवणूक निघते, फुलं उधळली जातात, मालिका संपते.

बाबा उठले आणि नाकातल्या नळीसकट पडवीत जाऊन बसले. मला वाटलं दमले असतील.

शेवटाबद्दल माझं मत आधीपासूनच ठरलेलं होतं. त्या सगळ्या आरडाओरड्यात एवढं एकच मला पटायचं. त्याच संध्याकाळी मी त्यावर पोस्ट लिहिली. एवढा मोठा देखावा उभा केल्यावर मालिका शेवटी शहाणी झाली, असं लिहिलं. कुणीतरी मागे राहावंच लागतं, विजयाची हीच किंमत असते आणि ती दाखवायचं धाडस इथे झालं आहे, असं लिहिलं. चांगली जमली होती. वाहवा करणारे मातीवाले होतेच, पण आभाळवालेही होते. मी पडवीत जाऊन ती बाबांना वाचून दाखवली.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “चंद्र उचलता येतो आणि एक माणूस बाहेर काढता येत नाही?”

“पण बाबा, तेच तर...”

“काय तेच? लिहिणाऱ्याच्या हातात होतं ना सगळं? चंद्र फेकताना विचार केला नाही आणि इथे येऊन अक्कल आली?”

मी पुन्हा समजवायला गेले. बलिदान हा शब्दही वापरला. मग दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवण वाढलं की जेवायचे, औषध दिलं की घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना वाफ देत होते. मास्क बाजूला करून ते अचानक सांगायला लागले.

माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. बोट भर समुद्रात होती आणि इंजिन रूमला आग लागली. सगळे वर डेकवर जमले. मोजलं तर एक कमी. तेलवाला होता तो, हेदवीकडचा. इंजिनाला तेल घालायचं, तापमान बघायचं हे त्याचं काम. बाबा आणि तो एकाच केबिनमध्ये राहायचे. बाबा त्याला शोधायला दोनदा खाली उतरले. दोन्ही वेळा धुरामुळे जिन्यावरूनच मागे फिरावं लागलं. अशा आगीत शेवटचा उपाय म्हणजे इंजिन रूमची सगळी दारं, सगळी भोकं बंद करायची आणि आत गॅस सोडायचा. गॅसने आग विझते. पण आत कुणी असेल तर तोही संपतो. कॅप्टनने हुकूम दिला. शेवटचं दार बाबांनी लावलं.

“आतून ठोकल्यासारखं वाटलं मला,” बाबा म्हणाले. “सेकंड इंजिनिअर बाजूला होते. ते म्हणाले, पाईप तापले की असा आवाज होतो. होतो तसा. मीसुद्धा कितीदा ऐकलाय.”

“मग?”

“मग काय. लावलं.”

बावीस माणसं वाचली. बंदरात पोचल्यावर कंपनीने सगळ्यांना हॉटेलात जेवण दिलं होतं. बाबा जेवलेही होते. तेही त्यांनी सांगितलं, कबुली दिल्यासारखं.

आईला हे माहीत होतं का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. नव्हतं.

मी ती पोस्ट काढून टाकली. ग्रुपवर लोक विचारायला लागले, एवढी चांगली पोस्ट का काढली? खरं कारण लिहिणं शक्यच नव्हतं. मी एवढंच लिहिलं की बाबांच्या मते त्या मेकॅनिकला बाहेर काढायला हवं होतं, आणि आता मलाही नक्की काही सांगता येत नाही. त्यावर नागपूरच्या एकाने लिहिलं, ‘काकांना सासू-सुनेच्या मालिका दाखव, तिथे मेलेलेसुद्धा परत येतात.’ हसणारे चेहरे पडत गेले, मातीवाल्यांचे आणि आभाळवाल्यांचेही. सगळे पहिल्यांदाच एका बाजूला होते.

“काय म्हणतायत तुझे लोक?” बाबांनी विचारलं.

“निम्मे तुमच्या बाजूने आहेत,” मी खोटं सांगितलं.

“निम्मे?” त्यांनी जरा विचार केला. “बरेच झाले.”

आठवड्याभराने ते म्हणाले, “मला हेदवीला जायचंय.”

डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं होतं. पण बाबांनी शेजारच्या चाचांना परस्पर विचारूनही टाकलं होतं. चाचांची गाडी होती, ते भाडी मारायचे. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन आम्ही सकाळी निघालो. जयगडला गाडी फेरीबोटीत चढवली आणि खाडी ओलांडली. मागे बंदरावर मोठी मालवाहू बोट लागलेली होती. बाबांनी तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

घर शोधायला वेळ लागला. देवळापाशी विचारलं, मग एका दुकानात विचारलं. शेवटी उतारावरचं चिऱ्याचं घर सापडलं. तेलवाल्याची बायको अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. सत्तरीची असेल. बाबांनी नाव सांगितलं आणि म्हणाले, “आम्ही एका केबिनमध्ये होतो.”

त्या लगेच हात पुसत उठल्या. खुर्च्या मांडल्या, कोकम सरबत आणलं. बाबांच्या नाकातली नळी बघून म्हणाल्या, “एवढा त्रास घेऊन कशाला आलात?” मग स्वतःच बोलत राहिल्या. मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. कंपनीचं पत्र आलं होतं, ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं. नवरा धुराने गुदमरून गेला, आग वाढायच्या आधीच गेला, असं त्यात होतं.

“तसंच ना?” त्यांनी बाबांना विचारलं. “आधीच गेले होते ना ते?”

मी बाबांच्या दंडावर हात ठेवला. ‘हो म्हणा,’ एवढंच माझ्या मनात होतं. एका शब्दाचं काम होतं.

“मला माहीत नाही,” बाबा म्हणाले. “दार मी लावलं.”

त्या बाईंना आधी कळलंच नाही. बाबांनी पुन्हा सांगितलं. जिन्यावरून दोनदा मागे फिरल्याचं सांगितलं. हुकमाचं, गॅसचं सांगितलं. आवाजाचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

“तिसऱ्यांदा नाही उतरलात?” त्या म्हणाल्या.

“नाही.”

त्यांनी पेले उचलले. बाबांच्या पेल्यात अजून सरबत होतं. त्या आत गेल्या आणि परत आल्या नाहीत. आम्ही बसून राहिलो. खूप वेळाने आतून त्यांचा मुलगा आला, माझ्यापेक्षा पाचसात वर्षांनी मोठा. तो हळू आवाजात म्हणाला, “आई म्हणते, तुम्ही निघा आता. आणि परत येऊ नका.” एवढं बोलून त्यानेच सिलिंडर उचलला, बाबांचा हात धरून त्यांना पायऱ्यांवरून वर आणलं आणि गाडीत बसवलं. गाडीचं दारही त्यानेच लावलं.

परतताना फेरीबोटीवर बाबांनी विचारलं, “चुकलं का गो माझं?”

“नाही,” मी म्हटलं. चाचा गाडीबाहेर उभे राहून पाण्याकडे बघत होते.

मला वाटलं होतं, मनावरचं ओझं उतरलं की बाबांना बरं वाटेल. तसं काही झालं नाही. ते आणखी गप्प झाले. म्हणाले, इतकी वर्षं निदान ती तरी सुखाने झोपत होती. एका दुपारी मी त्यांच्यासाठी चंद्राचा भाग लावला. रोबो हात वर करायच्या आतच ते म्हणाले, “बंद कर.” मी बंद केलं. मशीनची घरघर तेवढी राहिली.

दोन महिन्यांनी ते हॉस्पिटलमध्ये वारले. शेवटच्या दिवसांत त्यांना बोलता येत नव्हतं. कधी कधी ते बोटांनी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर ठोकायचे. नर्स यायची आणि काय हवंय म्हणून विचारायची. त्यांना काही हवं नसायचं.

दिवसकार्य झाल्यावर मी ग्रुपवर कळवलं. नागपूरच्या त्या मुलाने सगळ्यात आधी माफी मागितली, काकांना उगाच हसलो म्हणून. मग एकामागून एक चित्रं येत गेली. रोबो सलाम करतोय, रोबो मान खाली घालून उभा आहे, रोबोच्या हातात चंद्र आहे आणि खाली लिहिलंय ‘काकांसाठी’. या लोकांना मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तरी त्या दिवशी तेवढीच माणसं माझ्याशी बोलत होती.

मग ठाण्याच्या कुणीतरी लिहिलं, काका काही म्हणोत, पण शेवट तोच योग्य होता. त्याला कोल्हापूरहून उत्तर आलं. तासाभरात वाद पुन्हा रंगला. मातीवाले मातीवाल्यांसारखं बोलत होते आणि आभाळवाले आभाळवाल्यांसारखं. मला राग आला नाही. तीन-चार महिन्यांपूर्वी मीही तसंच लिहिलं होतं, कदाचित त्यांच्याहून चांगलं.