दुसरी सुई

मॅडमनी बेडकांचा ट्रे माझ्यापुढे सरकवला. "तू कर. बाकीच्यांचा श्रावण आहे. तुमच्यात काय, रोजचंच."

वर्ग हसला. मागून एक मुलगा ओरडला, "मॅडम, हिला स्काल्पेल कशाला? विळी द्या!" मॅडमही हसल्या.

रत्नागिरीतल्या कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. मी दुसऱ्या वर्षाला होते. तेव्हा अजून बेडूक कापत. माझं घर वेळणेश्वरला, वडील होडीवर, आई मासे विकते. हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना मॅडमनी आडनाव वाचून विचारलं होतं, "म्हणजे मासेवाले ना?"

तो श्रावणी सोमवार होता. आमच्या घरी तो पाळतात. होड्या वर ओढलेल्या असतात. आई देवळात बेल वाहून येते आणि संध्याकाळी उपास सोडते. मीही सकाळपासून नुसत्या पाण्यावर होते. आदल्या दिवशी आईने फोनवर बजावलं होतं, "उपास मोडू नको हां गो. चक्कर आली तर केळं खा." वर्गात मला कुणी विचारलं नाही. मासेवाल्यांना श्रावण नसतो, हे सगळे धरूनच चालले होते.

मी कापलं.

क्लोरोफॉर्मने गुंगवलेल्या बेडकाची कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये बोटाला एक खळगा लागतो. तिथून सुई पुढे घालायची आणि फिरवायची. मेंदू संपला. मग पोट उघडायचं, आतडी बाजूला करायची. कण्याच्या दोन्ही बाजूंना मज्जातंतू बाहेर आलेले दिसतात, मुळाशी चुन्यासारखे पांढरे कण. खालचे तंतू एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एक जाड तंतू मांडीत उतरतो. शिवणाच्या दोऱ्याएवढा, चकचकीत. मांडीचे स्नायू फाकवून तो मोकळा करायचा. तुटू द्यायचा नाही.

माझ्या टेबलावरचा झाला. मग शेजारचा. मग सगळ्यांचे. नाकाला रुमाल लावून बाकीचे चित्रं काढत होते. माझ्या शेजारच्या मुलीचा हात चित्रात चांगला होता. ती म्हणाली, "ए, तो मांडीतला जरा उचलून धर ना. नीट दिसत नाहीये." मी चिमट्याने उचलून धरला. तिचं चित्र पूर्ण झालं, नावं देऊन झाली, मार्कही मिळाले. माझं पान कोरं राहिलं.

तास संपल्यावर मॅडमनी पर्समधून डबा काढला. घरी अभिषेक झाला होता, त्याचे पेढे. एकेकाच्या तळहातावर त्या पेढा ठेवत होत्या. मी साबणाने हात धुऊन रांगेत उभी राहिले. माझ्यापाशी आल्यावर त्यांचा हात आखडला.

"तुला कागदावर देते हं. तू मारलेयस ना."

वहीचं पान फाडून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि वरून पेढा टाकला. प्रसाद नाकारायचा नाही हे घरचं वळण. मी तो खाल्ला. बोटांचा क्लोरोफॉर्मचा वास पेढ्याला लागला होता. मला किळस आली. एवढे बेडूक कापताना आली नव्हती.

मारायला सांगणारे शुद्ध. मारलेल्याची चित्रं काढणारे शुद्ध. सांगितलेलं काम करणारी तेवढी बाटलेली. किळस बेडकाची नव्हती.

पुढच्या सोमवारी प्रतिक्षिप्त क्रियेचा प्रयोग होता. मेंदू नष्ट केलेला बेडूक जबड्यात आकडा अडकवून स्टँडला टांगतात. तो मीच टांगला. मॅडमनी सौम्य आम्लात भिजवलेला कागदाचा तुकडा चिमट्याने त्याच्या कुशीला चिकटवला. जरा वेळ काहीच झालं नाही. मग मागचा पाय वर आला. त्याने कागद झटकून खाली पाडला.

मॅडम समजावत होत्या. त्वचेकडून संदेश निघतो, मज्जातंतूच्या मागच्या मुळातून मेरुरज्जूत जातो, पुढच्या मुळातून बाहेर पडून स्नायूपर्यंत पोचतो. मेंदू लागत नाही. बेडकाला यातलं काही कळत नाही.

मी ट्रेमध्ये पडलेल्या त्या कागदाकडे बघत होते.

"आता दुसरी सुई," मॅडम म्हणाल्या. दुसरी सुई मेरुरज्जूत जाते. ती घातली की कागद कितीही वेळा चिकटवा, पाय लोंबत राहतो. माझ्याकडे न बघताच त्यांनी सुई पुढे केली.

"मी नाही घालणार."

"का? आज काय झालं?"

"माझाही सोमवार आहे. मागच्या वेळीही होता."

"हिचापण सोमवार!" मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"नखरे नकोत. इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत."

"माझा एक बेडूक मी कापीन, मॅडम. त्याचं चित्रही मीच काढीन. बाकीच्यांचे बाकीच्यांनी कापावेत."

मॅडमनी सुई इतरांपुढे धरली. कुणी घेतली नाही. शेवटी त्यांनीच घातली, रुमालात धरून. पाय लोंबला. मग त्यांनी हात धुतले, डबा उघडला आणि पेढे वाटले. त्याच हातातून सगळ्यांनी घेतले. कागद कुणालाच लागला नाही.

मी रांगेत नव्हते.

इंटर्नलला मला काठावरचे मार्क मिळाले. एमएस्सीचा प्रवेश त्यात गेला. मी बातमीदार झाले.

तो बेडूक शूर नव्हता. त्याचा पाय आपोआप हलला. माझ्या हाताचं तसं नाही. बातमीसाठी मी घरोघर जाते. आजही एखाद्या घरी आडनाव कळलं की प्रसाद वरून टाकतात. मी हात मागे घेते. तो फरशीवर पडतो. "अरेरे, चुकून पडला," घरातलं कुणी म्हणतं. मी सांगते, चुकून नाही. मी पाडला. उचलायला वाकत नाही.

दर वेळी हात ठरवून मागे घ्यावा लागतो. घेत राहणार.