मावशी शोधत होत्या ते गाणं

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशींना रॉक गाणी पाठ आहेत, यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. बसणार तरी कसा? वय पासष्टच्या पुढे, गुडघे कुरकुरायला लागलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवताना बाई तोंडाने ड्रम वाजवायच्या. बरं, गाणी तरी कुठली? दोन हजार साल उलटलं त्या सुमाराची. ती हो, ज्यात गाणारा आधी तीन दिवस जेवला नसल्यासारखा पडेल आवाजात कुरकुरतो आणि मग शेपटीवर पाय पडल्यासारखा एकदम किंचाळतो, ती. त्या काळात पोरं अंगापेक्षा मोठ्या पँटी घालून, केसांना चिकट काहीतरी फासून, खोलीचं दार लावून ही गाणी ऐकत बसायची, आणि दाराबाहेर आया कपाळाला हात लावून बसायच्या.

मावशी त्या आयांपैकीच. मुलगा एकुलता एक. ताडमाड उंच म्हणून मित्र त्याला लंबू म्हणायचे, पुढे पुढे मावशीही म्हणायला लागल्या. नवरा लवकर गेलेला, घरात दोघंच. दोन खोल्या आणि मधे एक पातळ भिंत. भिंतीच्या अलीकडे मावशी आणि स्वयंपाक, पलीकडे लंबू आणि त्याची चार तारांची गिटार. त्याचा चार पोरांचा बँड होता. बँड म्हणायचं आपलं. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमायचं, तीच तीच लोकप्रिय गाणी वाजवायची आणि वर्षातून एकदा कॉलेजच्या स्टेजवर चढून मिरवायचं. मावशी एकदाही बघायला गेल्या नाहीत. लाँड्रीतून आठला सुटायच्या, पाय सुजलेले असायचे, त्यात तो गोंगाट कोण ऐकणार?

लंबू बाविसाव्या वर्षी गेला. सकाळी दात घासता घासता बेसिनपाशी कोसळला तो परत शुद्धीवर आलाच नाही. मेंदूत गाठ होती म्हणे. चार दिवस हॉस्पिटलात, आणि संपलं. माणूस इतक्या लवकर संपतो हे मावशींना नवऱ्याच्या वेळी एकदा कळलं होतं, पण अशी गोष्ट एकदा कळून भागत नाही.

वर्षभर त्यांनी ती खोली उघडली नाही. मग एकदा पावसाचं पाणी खिडकीतून आत जाईल म्हणून उघडली, आणि टेबलावर सीडींची चळत दिसली. घरी उतरवलेल्या सीडी. प्रत्येकीवर लंबूच्या तिरक्या अक्षरात मार्करने नाव घातलेलं. ‘रॉक’, ‘रॉक पुन्हा’, ‘भारी’, ‘जास्त भारी’. तेव्हा इंटरनेट इतकं संथ असायचं की एक गाणं उतरवायला संध्याकाळ जायची, फोन अडकून राहायचा, आणि त्यावरून मायलेकांची रोज जुंपायची. मावशींनी पदराने एक सीडी पुसली आणि लावली. कपडे वाळत घालायचे राहिले. त्या दिवसापासून त्या ऐकायला लागल्या.

त्यांना एक गाणं शोधायचं होतं.

शेवटच्या आठवड्यात लंबू रोज रात्री एकच धून वाजवत होता. भिंतीपलीकडून यायची, जाड, घुमणारी. हळूहळू वर चढायची, वर एका जागी अडखळायची, एक सूर गळायचा, आणि मग शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून. मावशींचं डोकं उठायचं. पोळपाटावरचं लाटणं घेऊन त्या भिंतीवर ठोकायच्या. “अरे, दुसरं काही येत नाही का तुला?” तिकडून हसण्याचा आवाज यायचा, थोडा वेळ शांतता, की पुन्हा तेच.

आता गंमत बघा. पोराचा आवाज आठवायचा म्हटलं तर आठवेना. हाक कशी मारायचा, फोनवर कसा बोलायचा, सगळं पुसट होत चाललेलं. पण ती धून मात्र कानात घट्ट बसली, त्या अडखळण्यासकट. मावशींनी मनाशी असं धरलं होतं की शेवटी शेवटी पोराच्या मनात जे काही चाललं होतं ते त्या गाण्यात असणार. उगीच कुणी आठवडाभर एकच गाणं धरून बसतं का? ते गाणं सापडलं की कुणाकडून तरी शब्दांचा अर्थ लावून घ्यायचा, म्हणजे कळेल.

पण गाणं सापडेना. सगळ्या सीडी ऐकून झाल्या, पुन्हा ऐकून झाल्या, पाठ झाल्या. कुठे ढोल थांबतो, कुठे गाणारा श्वास घेतो, कुठे शेवटी नुसतीच खरखर उरते, सगळं तोंडपाठ. त्यांची ती धून कुठेच नव्हती. लाँड्रीत काउंटरवर एक मुलगी होती, चुणचुणीत. ती म्हणाली, “मावशी, फोनला गुणगुणून दाखवा, तो ओळखतो गाणं.” मावशींनी फोन तोंडाजवळ धरून अख्खी धून गुणगुणली. फोनने थोडा विचार केला आणि कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात दाखवली. मुलगी हसून हसून लोळायची बाकी राहिली. मावशीही हसल्या आणि पुढचा शर्ट ओढला.

वर्षं गेली. लाँड्रीत दिवसभर रेडिओ चालू असायचा. त्यावर एक दिवस निवेदिका म्हणाली, “आता ऐकूया आठवणीतली गाणी,” आणि लागलं काय, तर ‘रॉक पुन्हा’वरचं तिसरं गाणं. मावशींची इस्त्री हातातच राहिली. आठवणीतली? लंबूची गाणी जुनी झाली? ज्या गाण्यांवरून पोरगं आईला जुनाट म्हणायचं, ती आता टक्कल पडलेली माणसं गाडीत बसून डोळे मिटून ऐकत होती. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटवर तपकिरी डाग पडला, आणि मालकीणबाईंनी मावशींना अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा बोल लावला.

आणि मग एका शनिवारी चष्मिस आला.

चष्मिस म्हणजे लंबूच्या बँडमधला दुसरा गिटारवाला. मधे बरीच वर्षं नोकरीसाठी बाहेर होता, नुकताच बदली होऊन परत आला होता. कोट प्रेसला टाकायला म्हणून आत शिरला आणि काउंटरशी थबकला. मागून कुणीतरी त्यांच्या बँडचं गाणं गुणगुणत होतं, मधल्या ड्रमसकट. त्याने वाकून पाहिलं.

“काकू?”

मावशींनी चष्मा वर केला. समोर पोट सुटलेला, कानशिलांवर पांढरा झालेला माणूस. भिंग मात्र तेच, बाटलीच्या बुडासारखं. लंबू असता तर तोही असाच दिसला असता, हे पहिलं मनात आलं. पण मावशी रडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “बरा सापडलास. माझं एक काम आहे तुझ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी रविवार. चष्मिस दुपारी घरी आला, हातात एक छोटा स्पीकरचा डबा. चहा झाला. कोण कुठे असतो, कुणाला किती मुलं, ते सगळं झालं. मावशींनी धून गुणगुणून दाखवली. चष्मिसने ती दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा ऐकली, मान हलवली.

“असं गाणं आम्ही वाजवत नव्हतो, काकू.”

“वाजवत होता तो. आठवडाभर वाजवत होता. मी काय बहिरी आहे?”

चष्मिस उठून आतल्या खोलीत गेला. लंबूची गिटार कोपऱ्यात उभी होती, मावशी दर रविवारी ती पुसायच्या. त्याने ती खांद्याला अडकवली, चारही तारा पिळून सुरात आणल्या, डब्याला जोडली.

“काकू, ही साधी गिटार नाही, बेस आहे. लंबू गाण्याची चाल वाजवायचा नाही. चाल मी वाजवायचो. हा खाली असायचा, सगळ्यांच्या खाली. ऐकणाऱ्याला तो कळतही नाही, पण तो नसला तर गाणं पोकळ वाटतं. तुम्ही गाणाऱ्याच्या चालीत शोधत होता, त्याची धून तिथे सापडणार कशी?”

मावशी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं. म्हणजे गाणं सीडीवर होतंच की काय? रोज कानावरून जात होतं आणि आपल्याला पत्ता नाही?

चष्मिसने एकेका गाण्याचा खालचा भाग वाजवायला घेतला. मावशी खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या. हे नाही. हेही नाही. ‘भारी’ संपली. ‘जास्त भारी’वरचं पाचवं गाणं सुरू झालं आणि मावशींनी हात वर केला.

“हेच. थांबू नकोस.” मग लगेच त्यांचा चेहरा पडला. “नाही रे. पुढे असं नाहीये. वर गेल्यावर अडखळतं, एक सूर गळतो, मग थांबतं.”

“तिथे थांबत नाही काही, काकू. सरळ पुढे जातं.”

“थांबतं. मी सांगते ना.”

चष्मिसने पुन्हा वाजवलं, वरच्या जागी मुद्दाम बोट उचललं, सूर गाळला आणि थांबला.

मावशींनी डोळे मिटून घेतले. भिंत, लाटणं, तव्यावरचा धूर, पलीकडचं हसणं, सगळं एकदम खोलीत आलं. “हेच,” त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. “काय म्हटलंय रे त्या गाण्यात? शब्द काय आहेत?”

चष्मिस जरा ओशाळला. “विशेष काही नाही. मित्राची गाडी मागून घ्यायची आणि मैत्रिणीला फिरवून आणायचं, असं म्हणतोय. सबंध गाण्यात तेवढंच.”

“गाडी?”

“हो. आणि पेट्रोल संपतं शेवटी.”

मावशींना हसू आवरेना. वीस वर्षं ज्याच्यामागे लागल्या, त्यात निघालं काय, तर पेट्रोल. चष्मिसही हसायला लागला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. त्या हसण्याच्या भरात, जुन्या मित्राची आठवण काढताना काढतात तशी, त्याने पुढची गोष्ट सांगून टाकली.

“खरं सांगू, त्या जागी आम्ही सगळे चुकायचो, लंबू कधीच नाही. वर्षभर वाजवत होता ते गाणं, एकदा म्हणून चुकला नाही. शेवटच्या प्रॅक्टिसला मात्र त्याचा सूर सारखा तिथेच गळायचा. आम्ही इतकं छळलं त्याला. तो नुसता हात झटकायचा आणि म्हणायचा, करंगळी झोपलीय यार, उठतच नाही. म्हणूनच घरी आठवडाभर तेवढंच घोटत बसला असेल.”

मावशींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. चष्मिस कपातला गार चहा पीत होता, त्याला काही कळलं नाही.

हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी डॉक्टरने विचारलं होतं. आधी कधी हात जड पडणं, बोटांतली ताकद जाणं, वस्तू हातातून सुटणं, असं काही दिसलं होतं का? आणि मावशींनी ठामपणे सांगितलं होतं, नाही हो, छे, कालपर्यंत ठणठणीत होता, रात्री उशिरापर्यंत गिटार वाजवत होता. डॉक्टरने मान डोलावून तसं लिहून घेतलं होतं.

आठवडाभर. भिंतीपलीकडून आठवडाभर तेच ऐकू येत होतं. पोराचा हात सुटत चालला होता, आणि आई भिंत ठोकत होती. वीस वर्षं ज्याला पोराचं गाणं म्हणून छातीशी धरलं, कॉलरी इस्त्री करताना गुणगुणलं, ते दुखणं होतं. वेळेवर कळलं असतं तर वाचला असता का, कोण सांगणार? कदाचित नसताही वाचला. पण हे आता विचारायचं कुणाला? मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“काकू, बरं वाटत नाही का?”

“काही नाही.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. या पोराला काही सांगायचं नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं. त्याने हसत हसत छळलं होतं, उरलेला जन्म त्याने ते कशाला वागवायचं? एकीने वागवलं तेवढं पुरे. “ते चुकलेलं आता नको वाजवू. आधी तो वाजवायचा तसं वाजव. न अडखळता.”

चष्मिसने गिटार मांडीवर घेतली आणि वाजवलं. धून चढत गेली, त्या जागी आली, सहज ओलांडून पुढे गेली, वळण घेऊन खाली उतरली. मावशी पुढे झुकून ऐकत होत्या. ओळखीचं वाटेल म्हणून वाट बघत होत्या. पलीकडच्या खोलीत तो हेच रोज वाजवायचा, वर्षभर वाजवायचा, दोन-चार सूर तरी कानात राहिले असतील. त्यांनी पुन्हा वाजवायला सांगितलं. आणखी एकदा. काहीच आठवलं नाही.

“चांगलं वाजवायचा का रे तो?” त्यांनी विचारलं.

“आमच्यात सगळ्यात चांगला तोच होता, काकू.”

मावशींनी मान हलवली.

“मला नाही माहीत,” त्या म्हणाल्या. “नीट वाजवायचा तेव्हा माझं लक्षच नसायचं.”