शब्दांच्या जोड्या जुळवणाऱ्या लालवानी मिस

लालवानी मिस बसून शिकवत नसत. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत, वळताना एक इंग्रजी शब्द फेकत आणि परत येईपर्यंत त्याचा जोडीदार मागत. "कन्क्लूजन!" मी विचारात पडले की पुढची फेरी सुरू. "बोल ना पुट, माझे पाय दुखले." सिंधीत लेकराला पुट म्हणतात. मी तेव्हा तिशीची, एका मुलाची आई. पण त्यांच्यापुढे पुटच.

कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या मिस उल्हासनगरात, विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, एका मॅचिंग सेंटरच्या वर राहायच्या. मी बदलापूरची. अंबरनाथला वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि बारवी धरणाच्या काठच्या गवतांवर पीएच.डी. करायचे. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. वाढवून मिळालेली मुदत दिवाळीआधी संपत होती. तोवर प्रबंध जमा झाला नाही तर सगळी मेहनत वाया, आणि नोकरीत कायम होणंही त्यावरच अडकलेलं. अशा वेळी गाइड सरांनी माझी प्रकरणं परत पाठवली होती: काम चांगलं, इंग्रजी वाचवत नाही.

मला प्रत्येक कामाची यादी करायची सवय. शब्दकोशातून भारदस्त शब्द अर्थासकट उतरवून ती यादी मी मिसकडे नेली. त्यांनी चालता चालता पाहिली. "ही काय रेशनची रांग? सगळे एकेकटे उभे. यांचे घरवाले कुठे आहेत?"

मग मला हाताला धरून खाली नेलं. दुकानदार गिऱ्हाइकाची साडी आणि ब्लाउजपीस घेऊन बाहेर उन्हात आला होता. "बघ. ट्यूबलाइटखाली सगळंच मॅच होतं, म्हणून तो बाहेर येऊन बघतो. तू पण छापलेल्या रिसर्च पेपरात जाऊन बघ, कोण कोणाबरोबर राहतं."

तेव्हापासून मी शोधनिबंधांतून शब्द नव्हे, जोड्या उतरवू लागले. ऑब्झर्व्हेशन 'मेक' करतात, एक्स्परिमेंट 'कंडक्ट' करतात, कन्क्लूजन 'ड्रॉ' करतात.

"पण का, मिस?" एकदा वैतागून विचारलं.

"का? तुम्ही मराठी लोक निष्कर्ष काढता, फोटो काढता, दिवस काढता, भांडण पण उकरून काढता. मी कधी कोणाला विचारलं, का काढता म्हणून? चुपचाप मी पण काढायला लागले."

मला घाई होती, त्यांना माझ्याहून जास्त. त्यांनी घर विकलं होतं आणि दिवाळीनंतर त्या कायमच्या अजमेरला, भावाकडे जाणार होत्या. अर्धवट बांधलेल्या खोक्यांना ठेचकाळत त्यांच्या फेऱ्या चालू असत.

पाऊस सरता सरता जोड्या माझ्या हातात बसल्या. शेवटचं प्रकरण मी झरझर लिहून टाइप करून घेतलं आणि पानं मिसना दाखवायला नेली, खरं म्हणजे शाबासकीसाठीच. त्या चालत वाचत होत्या. मधेच थांबल्या. त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"पाण्यामुळे हे गवत नाहीसं झालं, याचा 'स्ट्राँग एव्हिडन्स'. किती ठिकाणी बघितलंस?"

"दोन."

"आणि बाकीचा काठ?"

"तिकडे रस्ताच नव्हता, मिस. पण जोडी बरोबर आहे ना?"

"जोडी एकदम बरोबर. तू खोटी. या जोड्या तोंडात बसल्या ना पुट, की त्या आपल्याआपणच बोलतात. आपण खाली फक्त सही करतो."

"परवा जमा करायचंय! टायपिंग झालंय सगळं."

"मग मी काय करू? 'लिमिटेड एव्हिडन्स' पण जोडीच आहे. चांगल्या घरची आहे. जा."

मी तरातरा जिना उतरले. टायपिस्टकडे पोचले तर तो जेवत होता. त्याचं होईपर्यंत बाकावर बसून प्रकरण पुन्हा चाळलं. जिथे जिथे मला खात्री नव्हती, नेमकं तिथेच माझं इंग्रजी सर्वांत सुंदर उतरलं होतं. एकेका वाक्याचा जोर उतरवला. पानं पुन्हा टाइप झाली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, विद्यापीठाची खिडकी बंद होता होता, प्रबंध जमा झाला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच वाक्यावर बोट ठेवलं. "पुरावा मर्यादित का?"

"दोनच जागा पाहिल्या, सर. उरलेल्या काठावर पोचता आलं नाही."

"पोचला असता तर निष्कर्ष बदलला असता?"

"माहीत नाही."

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. पदवी मिळाली, नोकरी कायम झाली. एसटीडी बूथवरून मी अजमेरला फोन लावला. अभिनंदन करतील असं वाटलं होतं. "अच्छा," मिस म्हणाल्या. "मग उरलेल्या काठावर कधी जातेस?"

जायला पुढचं वर्ष उजाडलं. पावसानंतर, भातखाचरांच्या बांधांवरून, शेवटी जंगलातून. तिथे ते गवत पाण्याला लागून कमरेएवढं उभं होतं.

बदलापूरला उतरल्यावर घरी न जाता आधी बूथ गाठला. फोन मिसच्या भावाने उचलला. मिस उन्हाळ्यातच वारल्या होत्या. मग मी भावालाच गवताबद्दल सांगू लागले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.