शत्रूचा पहारेकरी

चाचांचं कुवेतमध्ये, फहाहीलला शिवणकामाचं दुकान होतं. रत्नागिरीकडचे ते, दाढी पांढरीशुभ्र. टाचण्या ओठांत धरूनच बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला "समजलाव ना?" जोडायचे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या आमच्या मराठी मंडळासाठी मी एक नाटक बसवलं. किल्ल्यावर छापा घालणाऱ्या हेटकऱ्यांचं, म्हणजे जुन्या काळच्या कोकणी पायदळाचं. कपडे चाचा शिवत होते.

"पायांत काय नको. कडा अनवाणीच चढतात, समजलाव ना?" असं म्हणत ते वाकून टेबलावर चढले आणि दाखवलंही. मग हळूच म्हणाले, "मला पण घ्या की छाप्यात."

"चाचा, तुम्ही शत्रूचा पहारेकरी व्हा," मी म्हणालो. "दाढी चिकटवायला नको."

माप द्यायला आलेले सगळे नट हसले.

त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून ठेवल्या. "आमचा गाव हेटकऱ्यांचाच, साहेब," एवढंच बोलले, आणि पहारेकऱ्याच्या अंगरख्यासाठी स्वतःचं माप घेऊ लागले.

प्रयोगात पहिल्याच घावाला ते कोसळले. टाळ्या पडल्या. पडदा पडल्यावर मी हात देऊन त्यांना उठवलं. मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "चाचा, मस्त मेलात!"