माउसला हात लावू नकोस

वन्संची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी पेज घेऊन गेले होते. त्यांनी मास्क जरा वर उचलला आणि म्हणाल्या, "मंदा, माउसला हात लावू नकोस." नर्सला वाटलं, पेशंट भ्रमात बोलतोय. मी हसले, त्यांचेही डोळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मण्यांच्या माळा पोचवायला शेठच्या भाईंदरच्या गाळ्यावर गेले होते, तिथे ह्यांचा फोन आला... आता दीड महिना झाला. वन्संच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यावर हे लिहितेय. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि हे कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे सावकाश लिहायला हरकत नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क होत्या. रिटायर झाल्यावर आमच्याकडे शांती नगरला राहायला आल्या, त्या दोन बॅगा आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन. तो खिडकीखालच्या टेबलावर ठेवला, आणि दिवसभर चालूच. ह्यांनी विचारलं, "ताई, कुणी बसत नाही तर चालू कशाला?" वन्सं म्हणाल्या, "कुणी बसत नाही म्हणूनच. त्याचं श्रमदान चाललंय."

मला विचारायची लाज वाटायची, पण श्रमदान हा शब्द डोक्यातून जाईना. शेवटी एकदा भाजी निवडताना विचारलं. त्यांनी सांगितलं, परदेशात औषधांवर काम करणारी माणसं आहेत. त्यांचा हिशोब एवढा मोठा की एका जागी उरकणार नाही. म्हणून त्याचे तुकडे करून जगभर घरोघरी पाठवतात. ज्याचा कॉम्प्युटर रिकामा असेल त्याने तुकडा घ्यायचा, सोडवायचा आणि मुदतीत परत करायचा.

"म्हणजे आमच्या मण्यांसारखं," मी म्हटलं.

वन्संचा हात थांबला. "कसं?"

"शेठ एक ऑर्डर दहा बायकांत वाटतो. उशीर केला की आमचा माल दुसरीला देतो. म्हणतो, बेन, गुरुवार मतलब गुरुवार."

"ऑफिसातल्या साहेबांना मी हेच दोन वर्षं समजावत होते," वन्सं म्हणाल्या, "आणि तू मेथी निवडता निवडता..." त्या दिवसापासून त्या मला सगळं सांगायला लागल्या.

त्यांची एक वही होती. कुठला तुकडा कधी आला, मुदत कधीची, शेवटी काय झालं. संपलं, हळू, रद्द. रद्द दिसलं की मला वाईट वाटायचं. त्या म्हणाल्या, प्रत्येक रद्द सारखं नसतं. कधी मुदत टळते. कधी तोच तुकडा दुसऱ्या कुणी आधी करून दिलेला असतो, मग आपला नको असतो. अशा ठिकाणी त्यांनी लिहिलंय, "रद्द. दुसरीकडे झालं. चांगलं."

पण एका वर्षी 'हळू' फारच वाढलं. दोन दिवसांचं काम आठवडाभर चाले आणि मुदत टळून रद्द होई. वन्संनी कॉम्प्युटरचा डबा उघडून टूथब्रशने पंख्यातली धूळ काढली. कॉम्प्युटरचं घड्याळ तपासलं. आपण एकदम जास्त तुकडे मागवतोय का, म्हणून मागवणं कमी केलं. "माझाच हावरटपणा," म्हणाल्या. तरी काम हळूच. मग त्या दर तासाला आकडा लिहायला लागल्या आणि एक दिवस वही पुढे करून म्हणाल्या, "सकाळी नीट, रात्री नीट. दुपारी मी वाचनालयात जाते तेव्हाच घोडं अडतं. आणि तू माहेरी गेलीस ते चार दिवस एकदम सुरळीत."

हे जेवत होते. म्हणाले, "मग सापडलं की. मंदाचा पायगुण."

ह्यांची ती नेहमीची गंमत. लग्न होऊन मी गावच्या घरी गेले त्याच आठवड्यात विहिरीवरचा पंप जळला. सासूबाई म्हणाल्या, सुनेचा पायगुण. तो शब्द घरात राहिला. पुढे दूध नासलं तरी हे तेच म्हणायचे आणि मीही हसायचे. त्या दिवशी मला हसू आलं नाही. आकडे वहीत होते ना...

वन्सं म्हणाल्या, "पायगुण नसतो. कारण असतं. ते शोधायचं." दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात गेल्या नाहीत. "तू रोज करतेस तेच कर," म्हणाल्या आणि पलंगावर बसून राहिल्या. मी टेबलाशी बसून मणी ओवायला घेतले, तिथेच उजेड चांगला येतो. थोड्या वेळाने कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. मी माउस हलवला. परत काळा झाला, परत हलवला.

"हे काय करतेस?"

"बंद पडतो ना तो," मी म्हटलं. "तुम्ही नसता तेव्हा मी जागा ठेवते."

वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग जवळ येऊन बसल्या. कॉम्प्युटर जुना म्हणून त्यांनीच त्याला सांगून ठेवलं होतं, कुणी हात लावला की श्रमदान थांबव, माणसाला जागा दे. पडदा काळा होतो तो फक्त दिवा विझल्यासारखा, काम आत चालूच असतं. मी माउस हलवला की त्याला वाटे, कुणीतरी आलं. नुसता थांबत नव्हता, काम जिथवर जपून ठेवलेलं त्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे जात होता, सकाळपासूनचं सगळं वाया.

"म्हणजे गाठीपर्यंत," मी म्हटलं. आम्ही ठरावीक मण्यांनंतर गाठ मारतो. दोरा सुटला तर मणी तिथपर्यंतच सांडतात.

"गाठीपर्यंत," वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मंदा, त्या पंपाचंही कारण होतं. विहिरीला पाणी नव्हतं आणि बाबांनी तो कोरडा चालवला. मी तिथेच होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

 मी हातातली माळ पुरी केली. रात्री ताटं वाढल्यावर वन्संनी तेच ह्यांना सांगितलं, माझ्यासमोर. त्यानंतर तो शब्द आमच्या घरात कुणी काढला नाही.

तेराव्यानंतर ह्यांनी कॉम्प्युटर एका ओळखीच्या माणसाला द्यायचं ठरवलं. जागा मोकळी होईल, म्हणाले. वहीत शेवटचा तुकडा लिहिलेला होता, तीन-चार आठवड्यांच्या कामाचा मोठा, वन्संनी हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी घेतलेला. मुदतीला पाच दिवस होते. पुढचा रकाना कोरा.

"थोडे दिवस राहू दे," मी म्हटलं.

"अगं, बंद पडलाय तो. पडदा बघ." त्यांनी माउसकडे हात नेला.

"हात लावू नका." मी त्यांचं मनगट धरलं होतं. एवढ्या वर्षांत मी ह्यांना असं अडवलेलं नाही. तेही बघत राहिले. "तो काम करतोय. वन्संचं काम आहे. कान लावून बघा."

ते वाकले, डब्याला कान लावला. पंख्याची बारीक घरघर ऐकत राहिले, आणि मग तसेच खाली फरशीवर बसले. "ताईने चालू ठेवलेलं?" एवढंच म्हणाले. त्या माणसाला त्यांनी नको म्हणून कळवलं.

इंग्रजी मला वाचता येत नाही, पण झालेल्या कामापुढे कुठली अक्षरं येतात ती वन्संनी मला वहीत काढून दिली होती. चौथ्या दिवशी मी एकदाच माउस हलवला आणि अक्षर अक्षर जुळवून पाहिलं. मग त्या कोऱ्या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं, संपलं.

आज दुपारी तिथेच बसून हे लिहितेय. खाली माळांची पिशवी आहे, गुरुवारची. कॉम्प्युटरने आपणहून नवा तुकडा घेतलाय. पडदा केव्हाच काळा झालाय... होऊ दे.