‘धावला नाही’ असा शेरा

इराकी फौजा कुवेतमध्ये होत्या आणि सौदीतल्या आमच्या अबकैकच्या तेल कंपनीच्या वसाहतीत खिडक्यांना चिकटपट्ट्या लावणं चाललं होतं. त्याच हिवाळ्यात करमणूक समितीने एक फलक करायला घेतला. जुन्या काळात इथे जे बेसबॉल खेळले, त्यांची नावं त्यावर कोरायची होती. क्षेपणास्त्रं येण्याआधी काम उरकावं, असं समितीच्या अमेरिकन अध्यक्षांचं मत होतं.

मेसचे मुख्य आचारी रत्नागिरीकडचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. तेहतीस वर्षं नोकरी करून महिनाअखेरीस ते कायमचे गावी जाणार होते. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, परत करण्याआधी आपलं नाव फलकावर लागावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मी पूर्वी पुण्यात एका दैनिकाचा उपसंपादक होतो, म्हणून ते माझ्याकडे आले.

“पेपरवाले, लिहा. चाचा खेळले. हातमोजा न घालता कॅच घेतले.”

“मोजा का नाही घातलात?”

“मोजा विकेटकीपर घालतो. मी काय विकेटकीपर होतो?”

“साक्षीदार कोण?”

“मी सांगतोय ना! आणखी कोण पाहिजे?”

साक्षीदार दोन मिळाले. लाँड्रीतल्या वयस्क मल्याळी गृहस्थांच्या मते चाचांनी एका फटक्यात सहा धावा काढल्या होत्या. बेसबॉलमध्ये ते शक्य नाही. दुसरा साक्षीदार चाचांचा मेव्हणा. त्याने सामन्याचं वर्णन चांगलं केलं, पण त्या वर्षी तो गावी तिसरीत होता.

उरल्या क्लबच्या कपाटातल्या जुन्या गुणवह्या. त्यांत अमेरिकन खेळाडूंची नावं होती. माणूस कमी पडला की मेसमधून एखाद्याला बोलावत, आणि त्याच्या नावाच्या जागी नुसतं ‘मेस’ लिहीत. असे बोलावले जाणारे तिघे होते : चाचा, एक इटालियन पाववाला आणि एक येमेनी वाढपी. कोणता ‘मेस’ कोण हे सिद्ध करा, असं अध्यक्ष म्हणाले.

एका पानावर शेरा सापडला : ‘मेस. चेंडू जोरात मारला. धावला नाही. बाद.’

क्रिकेटमध्ये चेंडू थेट क्षेत्ररक्षकाकडे गेला की फलंदाज जागेवर थांबतो. बेसबॉलमध्ये धावावंच लागतं. इटालियन आणि येमेनी या दोघांनी क्रिकेट पाहिलेलंही नव्हतं. चेंडू मारून शांतपणे उभा राहणारा माणूस मेसमध्ये एकच होता.

पान पाहून चाचा लाल झाले.

“हा मी नाय.”

“चाचा, दुसरा पुरावा नाही.”

“मग नको तुमचा बोर्ड! सुट्टीत गावी पोरांना रनिंग मी शिकवतो. त्यांना कळलं तर?”

“मग नाव लागणार नाही.”

चाचा बराच वेळ कांदा परतत राहिले. तो करपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष मेसमध्ये आले. मी वही उघडून क्रिकेटचा मुद्दा समजावला आणि भोंगा वाजला. आम्ही तिघे धान्याच्या कोठीत शिरलो, दार लावलं, विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे चढवले. मुखवट्यातून बोललेलं बादलीत बोलल्यासारखं ऐकू येई, त्यामुळे अध्यक्षांनी शेऱ्यावर बोट ठेवलं, मग तेच बोट चाचांकडे वळवलं.

चाचांनी छताकडे पाहिलं. मग हातातला लांब झारा बॅटसारखा धरला, पाय रोवले आणि नसलेला चेंडू सणकून मारला. मारून झाल्यावर झारा जमिनीला टेकवून ते त्यावर रेलले आणि समोरच्या तांदळाच्या पोत्याला तळहात दाखवून ओरडले, “नो!”

ते मुखवट्यातूनही स्पष्ट ऐकू आलं. बेसबॉलमध्ये समोर दुसरा फलंदाज नसतो. अध्यक्ष इतके हसले की त्यांच्या मुखवट्याच्या काचांवर वाफ धरली. त्यांनी आंधळ्यासारखं चाचपत खिशातून यादी काढली आणि पेन्सिल चाचांच्या हातात दिली. चाचांनी नाव स्वतःच लिहिलं.

भोंगा चाचणीचा होता, हे अर्ध्या तासाने कळलं.

फलक लागला तेव्हा चाचा गावी पोचले होते. मी त्यांना फोटो पाठवला. महिन्याभराने उत्तर आलं : “फोटो मिळाला. नाव बरोबर आहे. माझ्या वर ज्याला लावलंय, त्याने माझ्या डोळ्यांदेखत चार कॅच सोडले, तेही मोजा घालून. अध्यक्षांना सांगा.”